चिंध्या तिच्या

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत मी जरा मोठ्यानंच बोलले, "अगं, ही तर आपली गोधडी!" पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. लेकीनं माझा दंड हळूच दाबला. तिच्या लहानपणी लग्नाकार्यात मी तिचा दाबायची, अगदी तसाच.

पण होतीच ती गोधडी. साडेसात फूट लांब, पावणेसहा फूट रुंद, भिंतीवर उभी टांगलेली. विटलेला निळा, मातकट, राखी असे रंग. कुठे कॉर्डरॉयच्या रेघा, कुठे पोत्याचं सुती कापड. शिवणीची एकही रेघ सरळ नव्हती, आणि तरी एखादा तुकडा इकडचा तिकडे करावा असं वाटत नव्हतं. शेजारच्या चिठ्ठीवर नाव होतं: मिसूरी पेटवे. साल 1942. गाव जीज बेंड, अलाबामा.

मिसूरीबाईचा नवरा नॅथॅनियल आजारपणात गेला. मागे उरले ते त्याचे शेतातल्या कामाचे कपडे. थोरल्या लेकीला, आर्लोन्झियाला, ती म्हणाली की आता या कपड्यांची गोधडी करते, त्याची आठवण म्हणून, आणि मायेसाठी तीच पांघरते. आर्लोन्झिया पुढे स्वतः नावाजलेली कारागीर झाली, आणि आईचं हे बोलणं तिनंच सांगून ठेवलं.

जीज बेंडच्या बायकांनी अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पुष्कळ केल्या. त्यांत पँटचे पाय सरळ कापून वापरलेले असतात. गुडघ्याची जागा झिजून पांढुरकी झालेली, आणि जिथे कधीकाळी खिसा होता तिथे ऊन न लागलेला गडद निळा चौकोन. माणूस उकलून सपाट पसरावा तसं ते दिसतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. लेक दोन दालनं पुढे जाऊन परत आली तरी मी तिथेच.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "माय इथली काय नि तिथली काय, सारखीच. आपल्या आजीची गोधडी आठवली." चुलत-मावस मिळून सगळ्यांनी बदाम पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे (तिथली पहाट, इथली दुपार) आत्याचा फोन आला. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, यवतमाळला असते, आणि तिला बदाम पाठवता येत नाहीत म्हणून ती सरळ फोन करते.

"काय व, तुह्या आजीनं कदी सुई धरली होती? तिले तं दोरा ओवता येत नव्हता."

"मग आपल्या गोधड्या?"

"त्या गड्याची बायको शिवे. इसरली काय?"

विसरले नव्हते. म्हणजे आठवायला सांगितलं असतं तर आठवलं असतं. पण कुणी सांगितलं नव्हतं, आणि गोधडी म्हटलं की आजी, हे समीकरण आपल्याकडे इतकं घोटलेलं आहे की मीही डोळे झाकून तेच लिहून मोकळी झाले होते.

त्यानंतरचे दोन आठवडे मी लेकीच्या घरी जीज बेंडबद्दल मिळेल ते वाचत बसले. थोडं कुतूहल होतं, पण जास्त करून शरमेनं.

अलाबामा नदी एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखी वळते. त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेली ही जमीन. 1816 मध्ये जोसेफ जी नावाचा मळेवाला नॉर्थ कॅरोलायनातून आपले गुलाम घेऊन इथे आला आणि त्यानं कापूस लावला. 1845 मध्ये कर्जाच्या हिशोबात हा मळा मार्क पेटवे या नातलगाकडे गेला. पेटवेही नॉर्थ कॅरोलायनाचाच. तो येताना सुमारे 100 गुलाम घेऊन आला, आणि ते हजारएक किलोमीटर पायी चालत आले. म्हणजे गावाला पहिल्या मालकाचं नाव आणि माणसांना दुसऱ्याचं. आज गॅलऱ्यांच्या भिंतींवर पेटवे हे आडनाव सन्मानानं लागतं. ते मुळात कुणाच्या मालकीची माणसं हे सांगणारं आडनाव आहे.

1850 आणि 1860 च्या अमेरिकी खानेसुमारीत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव असे. त्याखाली ओळीनं वय, स्त्री की पुरुष, रंग. नावाचा रकानाच नव्हता. त्यामुळे आज तिथला कुणी आपलं घराणं शोधायला निघाला तर 1870 पर्यंत मागे जाता येतं, त्या साली सुटलेल्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्याच्या पलीकडे बहुतेकदा भिंत. "स्त्री, वय 28" ही आपली खापरपणजी की दुसरी कुणी, हे कागदावरून कळत नाही. माझ्या मते या बायकांच्या गोधड्यांत मृत माणसांचे कपडे इतके जपून का येतात, याचं निम्मं उत्तर त्या तक्त्यांत असावं. कागदानं ठेवलं नाही ते कापडानं ठेवायचं.

हे सगळं कापसासाठी चाललं होतं, हे वाचताना मी वऱ्हाडची पोर म्हणून सारखी थबकत होते. कापूस आमच्याकडे पीक कमी आणि हवामान जास्त. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, त्याआधी शेतात सीतादहीची पूजा, मग बायकांच्या रांगा, कमरेला बांधलेल्या झोळ्या, बोंडाच्या टोकदार कडांनी ओरखडलेली बोटं. घरात एका खोलीत छतापर्यंत कापूस, आणि आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो. त्या खोलीचा वास मला आजही सांगता येईल. वेचणाऱ्यांपैकी कुणाचा चेहरा सांगता येईल का, हा प्रश्न तेव्हा पडण्याचं कारण नव्हतं.

1793 मध्ये सरकी काढायचं यंत्र निघालं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. सरकी यंत्र काढी, पण बोंड वेचायला हातच लागत. 1860 पर्यंत तिथे जवळपास 40 लाख माणसं गुलाम होती. इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्या मुख्यतः त्यांच्याच कापसावर चालत. हे एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवणं इंग्रजांना आधीपासून टोचत होतं, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं 1840 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतले दहा कापूसमळेवाले हिंदुस्थानात आणले, इथल्या शेतकऱ्याला शिकवायला. फारसं जमलं नाही. जमणार कसं? त्यांची विद्या त्यांच्या गुलामांच्या हातांत होती आणि ते हात त्यांनी बरोबर आणले नव्हते.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लिव्हरपूलला कापूस मिळेना. मग आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर, शेअरबाजारात वेड, समुद्र बुजवायच्या कंपन्या. 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि तो फुगा फुटला. पण वऱ्हाडातला कापूस राहिला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला हजर होता. आमच्या घराण्याची जमीन त्या तेजीच्या काळात वाढली, असं आबाजी अभिमानानं सांगत. कुणाच्या जमिनीनं वाढली ते सांगत नसत. तिकडे माणसं सुटावीत म्हणून रक्त सांडत होतं, आणि त्या रक्ताच्या दिवसांत इकडे आमचे वाडे उठत होते. हे कुणाचं पाप म्हणून मी लिहीत नाही. बाजार असाच चालतो. पण गॅलरीत उभं राहून "आपली गोधडी" म्हणणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली, हे मी मुलांना दरवर्षी सांगत आले: अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा या आशेनं. त्या अर्पणपत्रिकेवर माझा ऊर भरून येई. आता पहिल्यांदाच मनात आलं, की 1873 मध्ये जीज बेंडमध्ये काय चाललं होतं? तर तीच माणसं, त्याच मळ्यावर, त्याच आडनावानं, आता बटईनं कापूस पिकवत होती. बी-बियाणं, खत, खायचं धान्य मालकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून उधार. हंगामाला कापूस त्याच्या काट्यावर. आणि हिशोब झाला की अंगावर बाकी. जोतीरावांना दोष नाही, ते दुरून एक दिवा बघत होते. बटईचा हा हिशोब त्यांना सांगायची गरज नव्हती, तो ते सावकाराच्या ओट्यावर रोज पाहत होते.

ती बाकी 1932 मध्ये कशी वसूल झाली, ते जीज बेंडच्या म्हाताऱ्या बायकांनी मरेपर्यंत सांगितलं. कापसाचे भाव पडले होते. पलीकडच्या कॅम्डेन गावातला व्यापारी, ज्याच्याकडून सगळ्यांची उधारी, तो वारला. त्याच्या विधवेनं माणसं पाठवली. साठेक कुटुंबांच्या घरांतून खेचरं, गाई, डुकरं, कोंबड्या, नांगर, साठवलेला मका, सगळं उचलून नेलं. त्या हिवाळ्यात लोकांनी रानातली फळं, मासे आणि रेड क्रॉसच्या धान्यावर दिवस काढले. पुढे रूझवेल्ट सरकारनं ती जमीन विकत घेतली, कुटुंबांना कर्जानं दिली, लहान लहान लाकडी घरं बांधून दिली. 1937 मध्ये आर्थर रोथस्टाइन या सरकारी छायाचित्रकारानं तिथे फोटो काढले. त्यांतल्या जुन्या घरांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत, वारा अडवायला. गोधड्याही त्याच कामाच्या. आधी फटी बुजवायच्या, मग नक्षी. पण नक्षी सुटत नाही, हीच तर गंमत.

पुढचं भराभर सांगते. साठच्या दशकात नदीवर धरण झालं आणि काठची सर्वांत कसदार जमीन बुडाली. यावर महाराष्ट्रातल्या वाचकाला टीप नको. 1962 मध्ये, काळ्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला कॅम्डेनला जाणं सुरू केलं तेव्हा, नदीवरची फेरीबोट बंद करण्यात आली. नदीपलीकडचं गाव वळसा घालून तासाभराच्या अंतरावर गेलं. फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन बोलले. फेरी परत सुरू झाली ती 2006 मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी.

1966 मध्ये तिथल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून ऑर्डरी आल्या, पण दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा. जी बाई आयुष्यात एक गोधडी दुसरीसारखी करत नव्हती तिनं आता मापात शिवायचं. 1972 मध्ये सीअर्स कंपनीचं काम मिळालं: कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे, ढीगभर, एकसारखे. आणि इथे ती गोष्ट येते जी वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. अभ्रे कापून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी न्यायच्या. सत्तरच्या दशकातल्या जीज बेंडच्या गोधड्या बघा. शेवाळी, सोनेरी पिवळा, विटकरी, तपकिरी कॉर्डरॉय त्यांत अचानक उसळून येतो. सीअर्सचे अभ्रे कुठे गेले कुणास ठाऊक. चिंध्यांच्या गोधड्या म्युझियममध्ये आहेत.

2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं, मग न्यूयॉर्कला व्हिटनी संग्रहालयात. समीक्षकांनी आधुनिक चित्रकारांशी तुलना केली. 2006 मध्ये टपालाची तिकिटं निघाली. यथावकाश कोर्टातही प्रकरण गेलं: आमच्या कामाचा पैसा कुणी किती नेला, असं विचारत काही कारागिरांनी 2007 मध्ये संग्राहकांवर दावे लावले; पुढच्या वर्षी तडजोड झाली. मला हे वाचून बरं वाटलं. ज्यांच्या आज्या उधारीच्या वहीपुढे गप्प उभ्या राहिल्या त्यांनी वकील केला.

विद्वानांत एक वाद आहे: या गोधड्यांत आफ्रिका किती? पट्ट्या जोडून कापड करायची पश्चिम आफ्रिकेची रीत, ठळक रंग, मोडता ताल, हे सगळं रक्तातून आलं की गरजेतून? असाच वाद आपल्या अगदी शेजारी आहे. उत्तर कन्नडच्या जंगलात, यल्लापूर-हल्याळकडे, सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे घाट चढून पळाले, त्यांचे वंशज त्यांत आहेत. कोकणी-मराठी मिसळलेली बोली बोलतात. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत, गोल फिरत मध्यापर्यंत. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' हवीतच. फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते, असं त्या म्हणतात. ही फुलं आफ्रिकेतून आली की घाटावरून, मला विचाराल तर मी त्या बाईलाच विचारेन, आणि ती बहुधा म्हणेल की तिच्या आईनं शिकवली. जीज बेंडमध्येही नमुन्यांना नावं आहेत. एकात एक चौकोन बसवत नेले की 'हाउसटॉप', नुसत्या उभ्या पट्ट्या म्हणजे 'लेझी गॅल', आळशी पोर. पण बायकांचा लाडका शब्द वेगळाच: 'माय वे'. माझी रीत. नमुना घ्यायचा आणि मोडायचा.

आता आमच्या गोधडीकडे.

ती पुण्याला माझ्या कपाटात आहे. वरून आजीचं हिरवं नऊवारी, खालून मळखाऊ चादर, आत कशाकशाचे थर. टाके सरळ, बोटभर अंतरावर, शेतातल्या तासांसारखे. मी तिच्याकडे नेहमी आजीचा स्वभाव म्हणून बघत आले: नीटनेटकी, काटेकोर. आत्याच्या फोननंतर उन्हाळ्याची ती दुपार हळूहळू वर आली. आमच्या ओसरीच्या खाली, अंगणात, गोणपाटावर ती बाई बसलेली. पाय लांब केलेले, मांड्यांवर गोधडीचं टोक. आजी ओसरीवर, सुपात काहीतरी निवडत. मधूनमधून आजीचा आवाज: "सरळ घाल. वाकडं नको घालू." ते टाके तिचे, पण सरळपणा आजीचा.

तिचा नवरा आमच्याकडे सालदार होता. गुढीपाडव्याला साल ठरे. वर्ष संपलं की तो मोकळा, कागदावर. पण पोरीच्या लग्नाची, आजारपणाची उचल फिटलेली नसे, म्हणून पुढचं सालही आमच्याकडेच. याला गुलामी म्हणू का? नाही म्हणणार. त्याला कुणी विकू शकत नव्हतं, त्याची पोरं त्याच्यापासून तोडून दुसऱ्या गावी धाडू शकत नव्हतं, आणि हा फरक लहान नाही. जीज बेंडच्या पणज्यांनी तो अंगावर सोसला आहे. पण 1865 नंतरची जीज बेंड, ती उधारीची वही, ती मी ओळखते. ती आमच्या घरात फडताळात होती, लाल कापडात बांधलेली.

आणखी एक लिहायचं आहे, जे ग्रुपवर लिहिलं नाही. तिनं शिवलेली गोधडी आम्ही नाकापर्यंत ओढून झोपायचो. ती पाणी मागे तेव्हा आजी वरून ओतायची, ती ओंजळीनं प्यायची. कापड चाले. हात चालत नसे.

मोबदला म्हणून तिला दोन पायल्या ज्वारी मिळे. आणि उरलेल्या चिंध्या तिच्या. हे ठरलेलं होतं, आजी उठताना म्हणायची, "चिंध्या घेऊन जाय बाई." ती त्या पदरात गोळा करायची, अगदी बोटभर तुकडासुद्धा. आम्ही पोरं हसायचो.

त्यांची वस्ती गावाच्या दुसऱ्या अंगाला. आम्ही तिकडे जात नसू. पण एकदा पतंगामागे धावताना मी गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि त्यावर वाळत घातलेली एक गोधडी. ती मला आता इतकी स्पष्ट दिसते की मला माझीच शंका येते. कदाचित वॉशिंग्टनच्या भिंतीवरचे रंग तिच्यात उतरले असतील. पण लाल होता हे नक्की, कारण तो माझ्या फ्रॉकचा लाल होता. लाल, मग आबाजींच्या सदऱ्याचा पट्टेरी तुकडा, मग आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ, वाकडा, मुद्दाम वाकडा, कोपऱ्यातून निघून मध्ये येऊन थांबलेला. टाके वळत गेलेले, विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तशा कड्यांचे. आमच्या सगळ्या घराचे कपडे तिथे होते, आणि आमच्या घरात ते कधी तसे दिसले नव्हते. मी फ्रॉक ओळखला आणि घरी जाऊन तक्रार केली, की माझा फ्रॉक त्यांच्याकडे आहे. आजी म्हणाली, "फाटला होता तो."

इतकंच. ती गोधडी पुढे कुणी पाहिली असेल तर त्यांच्याच घरच्यांनी. जीर्ण होऊन तिची चिंधी झाली असेल, ती दुसरीच्या पोटात गेली असेल. गोधड्यांचं असंच असतं. वरचं विरलं की आतला थर होतो.

मी परत आल्यापासून लेक मागे लागली आहे. आमची ती हिरवी गोधडी तिला हवी आहे, मेरीलँडच्या घरात भिंतीला लावायला. लाकडी दांडी वगैरे तिनं आणून ठेवली आहे. "आणि आई, गॅलरीत होती तशी खाली एक चिठ्ठी लावू. नाव, गाव, साल. नाव काय लिहू? पणजी ना?"

म्हटलं, थांब जरा.

गावी चुलत भाऊ असतो, शेती तोच बघतो. त्याला फोन केला. तिला सारं गाव तिच्या थोरल्या पोराच्या नावानं, अमक्याची माय, असं म्हणे. मुलाचं नाव मला आठवतं. इथे लिहीत नाही, तो हयात असेल. भाऊ म्हणाला, "तिचं नाव? कोनाले मालूम व ताई. अमक्याची मायच म्हनत होते सगळे." मग दोन दिवसांनी त्यानं एक फोटो पाठवला. लाल कापडातली वही त्यानं काढली होती. आबाजींचं वळणदार मोडीमिश्रित अक्षर. सालदाराचं नाव, उचल, बाकी. त्याखाली एक ओळ: बाई, गोधडी 1, ज्वारी पायली 2.

मी ती ओळ मोठी करून करून पाहिली. नाव कुठे बारीक अक्षरात असेल म्हणून.

भावाला पुन्हा फोन केला. तिचे नातू आता शेजारच्या गावात असतात, त्यांतला एक ट्रॅक्टर चालवतो, भावाच्या ओळखीचा आहे. "पोयाले त्यायच्याकडं जानं होईन, तवा इचारतो," म्हणाला. मी म्हटलं, आधी विचार ना, फोन कर. तो जरा घुटमळला. "फोनवर काय इचारू? तुमच्या आजीचं नाव काय म्हनून? पन्नास-साठ वर्सांनं?"

त्याचंही खरंच आहे. पोळा अजून दीड महिन्यावर आहे. गोधडी मी ऊन देऊन घडी घालून ठेवली आहे, आणि लेकीला सांगितलं आहे की दांडी लावून ठेव, चिठ्ठी अजून छापू नकोस.